रुळाच्या टोकाची खानावळ

१२ नोव्हेंबर

अजून आमच्या डोक्यावर छप्पर चढलं नाही आणि एक माणूस मेलासुद्धा!

झाडावरून भांडण. रूळ येऊन थांबलेत तिथे नुसता माळ, पुढे नदी, आणि सावलीचं म्हणून एकच झाड. त्याच्याखाली तंबू कोणी ठोकायचा — भाऊजींच्या गँगने की दगडफोड्यांनी? आधी शिव्या, मग ढेकळं, मग पहारी. मी भातावरचं झाकण काढत होते, तर एकजण धाडकन चुलीपाशी येऊन पडला. पाहिलं तर कपाळ उघडं. पातेल्यात रक्त उडालं. सगळा भात फेकावा लागला.

मेला तो दगडफोड्यांतला. नाव कोणालाच ठाऊक नाही. त्याच झाडाखाली पुरला. शेवटी सावली त्यालाच मिळाली.

भाऊजी येऊन म्हणाले, "वहिनी, भात पुन्हा टाक. पोरं उपाशी आहेत." जसं काही भातात मांजरानं तोंड घातलं होतं!

१६ नोव्हेंबर

छप्पर झालं! रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरच्या भिंती, वर पत्रा. डांबराचा वास डोक्यात जातो, पण खानावळ म्हणजे खानावळ. या माळावरची पहिली चार भिंतींची जागा माझी — हे लिहून ठेवते. उद्या कोणी म्हणेल, गाव साहेबांनी वसवलं.

हे गेले बोगद्यात, सुरुंग उशिरा उडाला म्हणून. लिहायला यांनीच शिकवलं होतं. यांच्यामागे धाकटे भाऊजी तेवढे उरले. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांचे दुधाचे दात पडत होते. आई नव्हती. पडलेला दात मुठीत धरून माझ्याकडे यायचे, "वहिनी, परत लाव." आता मुकादम झालेत. मान बैलासारखी, आवाज असा की इंजिनाने लाजावं. मला मात्र अजून त्यांचं नाक पुसावंसं वाटतं.

१९ नोव्हेंबर

नदीकाठी नावाड्यांची वस्ती आहे, दहा-बारा झोपड्या. पूल नाही तोवर पलीकडून माल आणतात ते त्यांच्याच नावेतून. त्यांचा म्होरक्या — सगळे त्याला नावाडीच म्हणतात — माझी मोठी पातेली स्वतः खांद्यावरून घेऊन आला. पैसे देऊ केले तर म्हणाला, "राहू द्या ताई, शेजारी आहात."

त्याची बायको मासे विकायला आली. चुरचुरीत बाई! मी भाव पाडून मागितला तर म्हणते, "ताई, मासा मेलाय, मी नाही. मला कशाला मारता?" कितीतरी दिवसांनी मी हसले.

तिला पाचवा महिना. अजून मळमळतं, तरी टोपली डोक्यावर.

४ डिसेंबर

वस्ती वाढतेय. न्हावी आला — खोक्यावर बसवून दाढ्या करतो. दारूचा गुत्ता आला, तो काय न बोलावता येतोच. आणि रूळ-स्लीपर रचतात त्या यार्डाच्या कोपऱ्यावर एक लोहार. एकटाच. बोलत नाही, कोणात मिसळत नाही. त्याच्या भट्टीवर गँगच्या पहारी आणि घण दुरुस्तीला जातात.

काल गुत्तेवाल्याने दारूत काय कालवलं कोण जाणे, तीन माणसं आंधळी झाल्यासारखी चाचपडत होती. एकाचे डोळे परत आलेच नाहीत. भाऊजी गेले, गुत्तेवाल्याला त्याच्याच पिंपावर आपटला. जबडा मोडला. आता तो पातळ पेज तेवढी गिळतो — तीही माझ्याच खानावळीतून जाते!

सगळे भाऊजींचा जयजयकार करत आले. मलाही अभिमान वाटला. कोणीतरी करायलाच हवं होतं, इथे ना पोलीस ना कोर्ट.

२१ डिसेंबर

हात न धुताच लिहितेय. अक्षर वाचता येईल का पुढे?

पुलाचा लोखंडी गर्डर चढवताना साखळी तुटली. आवाज असा झाला की खानावळीतली भांडी फळीवरून खाली आली. धावत गेले. पाणी लाल. गर्डरखाली जे होते ते गेलेच. बाकीचे पाण्यात, कोणाचा पाय अडकलेला, कोणी नुसतेच ओरडताहेत. त्यांत भाऊजी! मला त्यांची टाळू तेवढी दिसली, मग तीही नाही.

नावाड्याने उडी टाकली. नाव वाहून जात होती तरी बघितलं नाही त्याने. खाली गेला, वर आला, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा भाऊजींच्या केसांना धरून वर आला. काठावर आणून पालथे घातले, पाठीत बुक्क्या मारल्या. भाऊजींनी पाणी ओकलं आणि पहिला शब्द काढला तो शिवीचा.

नंतर भाऊजी त्याच्या गळ्यात पडून लहान पोरासारखे रडले. म्हणाले, "आजपासून तू माझा भाऊ."

८ जानेवारी

ठेकेदार आला. पांढरे कपडे, इथल्या धुळीतही पांढरेच! बरोबर दोन काठीवाले. पूल झाल्यावर इथे मोठं यार्ड होणार, इंजिनं पाणी घेणार, डबे जोडणार. त्यासाठी जागा हवी — नावाड्यांची वस्ती आहे ती. आणि लोहाराचा कोपरा.

नावाड्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "पूल झाला की आमचं पोट गेलंच. घर तरी राहू द्या, साहेब."

लोहार नुसता भात्याने भट्टीला वारा घालत राहिला. ठेकेदाराच्या पांढऱ्या पाटलोणीवर ठिणगी उडाली. न्हावी म्हणतो, मुद्दाम उडवली. काय खरं?

१४ जानेवारी

ठेकेदार आज माझ्याकडे जेवला. भाऊजींना शेजारी बसवून घेतलं. मी वाढत होते, कानावर पडत होतं.

"यार्ड झालं की सगळ्या गँगांवर तूच. पक्कं घर. वहिनींना चुलीपाशी मरावं लागणार नाही."

भाऊजी म्हणाले, "पण साहेब, ते ऐकत नाहीत."

ठेकेदार हात धूत म्हणाला, "कोणी आपणहून ऐकतं का? तू मुकादम कशाला आहेस मग?"

तो गेल्यावर मी म्हटलं, "भाऊजी, या माणसाच्या नादी लागू नका. ज्याचं पानही खरकटं होत नाही तो दुसऱ्याचा हात घाण करतो." भाऊजी हसले. "वहिनी, तू भात बघ."

२६ जानेवारी

वस्ती जळली. भर दुपारी. पुरुष सगळे नावा घेऊन पलीकडे गेले होते, ती वेळ बरोब्बर साधली.

मी दारात उभी होते. आधी धूर, मग बायकांच्या किंकाळ्या. कोणाच्या डोक्यावर पोर, कोणाच्या हातात नुसतंच झाकण. एक म्हातारी आत राहिली. ती ओरडत होती तोवर कोणी जाऊ शकलं नाही, आणि ओरडायची थांबल्यावर जायचं कारण उरलं नाही.

नावाडीण माझ्याकडे आली. सातवा-आठवा महिना. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले, कातडी लोंबत होती. पण रडत नव्हती. "ताई, पाणी." एवढंच. तिला मागच्या पडद्याआड निजवलं. तूप लावलं, जुनं धोतर फाडून गुंडाळलं.

भाऊजी जेवायला आले. अंगाला रॉकेलचा वास.

मी वाढलं. काय करणार होते? पडद्याआड ती, पडद्याअलीकडे हे. दोघांच्या मध्ये एक कापड आणि मी. भाऊजी मान वर करीनात. मी म्हटलं, "एक म्हातारी जळाली." ते म्हणाले, "घर रिकामं करा म्हणून सांगितलं होतं." पाणी न पिताच उठले.

२७ जानेवारी

हे पान लिहायचं की नाही, सकाळपासून ठरवतेय. लिहिते.

कामावरच्यांचं जेवण घेऊन यार्डात गेले होते. इंजिनाला पाणी द्यायला नव्याने उभारलेल्या नळाच्या खांबापाशी भाऊजी एकटेच होते. पोरं स्लीपर आणायला गेलेली. समोरून नावाडी आला. हातात वल्हं होतं. मी घाबरले. पण भाऊजींसमोर आल्यावर त्याने ते खाली टाकलं. रिकाम्या हातांनी उभा राहिला.

म्हणाला, "तुला मी पाण्यातून काढला ना?"

भाऊजी बाजूला बघायला लागले.

"सांग ना. काढला ना? मग माझं घर का जाळलंस?"

त्याचा आवाजसुद्धा चढला नव्हता. खरंच त्याला कळत नव्हतं, म्हणून विचारत होता. उत्तर नव्हतंच भाऊजींपाशी. आणि उत्तर नव्हतं म्हणून शेजारी पडलेला घण उचलला. लोहाराकडून दुरुस्त होऊन आलेला, नवा दांडा घातलेला घण.

पहिला खांद्यावर बसला. नावाडी गुडघ्यावर आला, तरी बघतच होता. दुसरा डोक्यात. मग तिसरा कशासाठी, देव जाणे. तो तर केव्हाच संपला होता.

मग भाऊजींनी मला पाहिलं. डबा माझ्या हातातून कधी पडला कळलं नाही. जवळ आले, तोंडावर त्याच्या रक्ताचे शिंतोडे. म्हणाले, "वहिनी, तू इथे आलीच नव्हतीस."

मी पदराने त्यांचं तोंड पुसलं. होय, पुसलं! हात आपोआप गेला. तीस वर्षांचा घोडा, पण हात आपोआप गेला.

घरी आले तर नावाडीण विचारते, "ताई, हे आले का पलीकडून?"

२८ जानेवारी

तिला सांगितलं. कोणी मारलं ते सोडून सगळं सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली. पुन्हा काही विचारलं नाही.

३० जानेवारी

मुलगा झाला. धक्क्याने दिवस भरायच्या आधीच. मीच सोडवली तिला. भाजलेल्या हातांनी तिला काही धरता येईना, माझा दंड दातांत धरला. वळ उठलाय.

पोर एवढंसं, पण ओरडतं कसं! या गावात जन्माला आलेला पहिला माणूस. ज्यांनी त्याचं घर जाळलं त्यांचीच पेज पिऊन त्याच्या आईला दूध येणार.

६ फेब्रुवारी

पोलीस आले एकदाचे. एक हवालदार आणि दोन शिपाई. रुळावरून बाजूला काढलेल्या रेल्वेच्या डब्यात चौकी थाटली. हवालदार वाईट नाही, पण अंगाने गोल आणि मनाने गोगलगाय. ठेकेदार म्हणेल तिकडे सरकतो.

ठेकेदाराने सांगितलं: घण लोहाराचा, म्हणजे खून लोहाराचा. वस्तीही त्यानेच पेटवली, आग त्याच्याकडेच असते ना! झालं. एका दगडात दोन पक्षी — मुकादम वाचला आणि कोपरा मोकळा झाला.

लोहाराला डब्यात घालून मारताहेत. आवाज इथवर येतो. मारणाऱ्यांचा. त्याचा नाही.

भाऊजी जेवायला आले. मी म्हटलं, "ऐकू येतंय का?" म्हणाले, "जेवू दे, वहिनी." आणि जेवले! दोनदा भात मागून घेतला.

७ फेब्रुवारी

निजायला गेले की तो तिसरा घण दिसतो. बोलले तर भाऊजी फासावर. नाही बोलले तर लोहार. यांना जाऊन आता किती वर्षं झाली, पण आज पहिल्यांदा बरं वाटलं की हे नाहीत. हे असते तर मला काय सांगितलं असतं?

नाही, उगाच विचारतेय. काय सांगितलं असतं ते मला ठाऊक आहे.

९ फेब्रुवारी

तोंड सुजलंय. जमेल तेवढं लिहिते.

सकाळी कामाचा भोंगा झाला, पण कामावर कोणी गेलं नाही. ठेकेदाराच्या काठीवाल्यांनी गुत्ता उघडून दिला होता. फुकट. आणि वर ओरडत होते — "शहरात नेतील, वकील सोडवेल त्याला. आपला न्याय आपण करू!" बघता बघता सगळं यार्ड जमलं. भाऊजींची गँग, दगडफोडे, न्हावीसुद्धा — वस्तरा परजत! ज्याने माझ्यासमोर कधी झुरळ मारलं नाही तो.

चौकीचा दरवाजा तोडला. शिपाई पळाले, हवालदार बाजूला सरकला. लोहाराला पायांना धरून खडीवरून ओढत आणला. डोकं प्रत्येक स्लीपरवर आपटत होतं. इंजिनाच्या नळाच्या खांबाला दोर टाकला. तेवढ्याने भागेना म्हणून आधी त्याचे हात रुळावर ठेवले आणि पहारीने ठेचले. एक हात. मग दुसरा. तेव्हा तो ओरडला. लोहाराचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

मी चूल तशीच सोडून धावले. वाट मिळेना. कोपरांनी, नखांनी आत घुसले. भाऊजी खांबापाशी होते. दोराला त्यांनी हात लावलेला नव्हता. नुसते उभे. चेहरा राखेसारखा.

मी ओरडले, "याने नाही मारला!"

कोणी ऐकेना. पुन्हा ओरडले. मग दोर ओढणारा थांबला. "मग कोणी मारला, बाई?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ज्यांना मी रोज जेवू घालते ती सगळी तोंडं. मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी. नको म्हणून. लहानपणी औषध पाजताना हलवायचे तशी.

म्हटलं, "माझ्या भाऊजींनी. मी पाहिलं. हवालदार, लिहून घ्या. मी पाहिलं."

मग कोणीतरी म्हणालं, "रांडेने घरचा माणूस विकला!" आणि खडीतला दगड माझ्या तोंडावर आला. पुढचे दात गेले. खाली पडले. लाथ बसली, मग आणखी. कानात नुसतं घोंघावत होतं.

त्यातून भाऊजींचा आवाज — "वहिनीला कोण हात लावतोय?" आणि त्यांच्याच गँगमधला एकजण माझ्या अंगावरून उडून पलीकडे पडला. दुसऱ्याचा हात त्यांनी मागे पिरगाळला, कटकन मोडल्याचं मी ऐकलं. माझ्यावर पाय रोवून उभे राहिले. "या! या कोण येतो ते!" कोणी आलं नाही.

मला उचलून खानावळीत आणलं. बाकावर ठेवलं. माझा एक दात त्यांच्या शर्टाला चिकटला होता, तो काढून माझ्या हातात दिला. मग स्वतःच्या पायांनी हवालदाराकडे गेले.

पडदा हलला. नावाडीण दारात उभी होती, पोर छातीशी. तिने सगळं ऐकलं होतं. आता नवऱ्याला कोणी मारलं तेही तिला कळलं.

म्हटलं, मला सोडून जाईल. ती आली आणि माझ्या तोंडातलं रक्त धुवायला बसली.

१० फेब्रुवारी

भाऊजींना शहरात नेलं. खडीच्या गाडीतून, बेड्या घालून. मी गेले नाही.

लोहार जगला. हात नाहीत म्हणायचे. भट्टीसमोर बसून राहतो.

२ मार्च

खानावळीत कोणी येत नाही. दारावर शेण फेकलं. पत्र्यावर रोज दगड. पोर दचकून उठतं. ठेकेदाराने रुळांपलीकडे दुसरी खानावळ उघडून दिली, गुत्तेवाल्याच्या भावाला. मोडक्या जबड्याने गुत्तेवाला मला हसून दाखवतो.

नावाडीण म्हणाली, "ताई, जेवायला माणसं नाहीत तर नाहीत, आपण दोघी जेवू." आणि बसली चुलीशी. हातांवर नवी कातडी आलीय, गुलाबी, चकचकीत. माशाला मीठ लावलं की अजून चुरचुरतं म्हणते.

१८ एप्रिल

पूल झाला. पहिली प्रवासी गाडी आज आली. बँड, साहेबमंडळी, पाट्या, भाषण. ठेकेदार म्हणाला, "जिथे काही नव्हतं तिथे आज गाव उभं आहे." काही नव्हतं! वस्तीच्या राखेवरच तर उभा राहून बोलत होता.

गाडीतून उतरलेल्या लोकांना काय ठाऊक माझी बदनामी? भुकेला माणूस वास येईल तिकडे येतो. पाचसहाजण जेवून गेले. एक बाई पोराकडे बघून म्हणाली, "नातू का?" नावाडीण म्हणाली, "हो." मी गप्प बसले. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू!

३ जून

रस्ता झाला. दुकानं झाली. शिंपी, वाणी, टपाल. स्टेशनमास्तर बायकापोरं घेऊन आले. त्यांच्या मुली दोरीवरच्या उड्या मारतात नळाच्या खांबाखाली. तिथे काय झालं ते त्यांना कोण सांगणार?

दगडफोड्यांत आणि गँगमध्ये पुन्हा मारामारी. दोन मेले. आता स्मशानालाही वेगळी जागा नेमून दिलीय. म्हणजे गाव पक्कं झालं.

२२ ऑगस्ट

कोर्टात जाऊन आले. भाऊजी पिंजऱ्यात वाळलेले दिसले. मान बारीक झालीय. माझ्याकडे पाहून विचारलं — सगळ्यांसमोर! — "दात दुखतात का गं अजून?" कारकुनाने गप्प केलं.

मी जे पाहिलं ते सांगितलं. एकही शब्द खाली-वर केला नाही. सांगताना त्यांच्याकडे बघवलं नाही.

मग बाकीचे. न्हावी म्हणाला, मुकादम त्या वेळी माझ्याकडे दाढी करत होता. काठीवाले म्हणाले, पुलावर होता. ठेकेदाराच्या वकिलाला कोणी विचारलंही नाही की एक माणूस दोन ठिकाणी कसा! उलट मलाच विचारतो, "बाई, खानावळ कोणाच्या नावावर व्हावी यावरून तुमचं दिराशी भांडण होतं ना? तुम्हाला दीर मेलेला हवाय ना?"

लोहारालाही बोलावलं होतं. गेला नाही. म्हणे, "मी काय हात वर करून शपथ घेऊ?"

९ सप्टेंबर

भाऊजी सुटले.

स्टेशनमास्तरांकडे तार आली. उद्याच्या दुपारच्या गाडीने येताहेत. सगळं यार्ड नाचतंय. ठेकेदाराने सुट्टी दिली.

मला काय वाटतं? आनंद झाला. पोटातून झाला, थांबवताच येईना! आणि लगेच लाज वाटली. त्या म्हाताऱ्या बाईचं ओरडणं आठवलं. लोहाराचे हात आठवले. दोन्ही एकाच काळजात कसं मावतं? मावत नाही, म्हणूनच दुखतं.

नावाडिणीला सांगितलं. म्हटलं, तू चार दिवस कुठे जातेस का? ती पोराला पाजत होती. म्हणाली, "कुठे जाऊ?" मग थोड्या वेळाने, "कोणत्या गाडीने येताहेत?"

१० सप्टेंबर

चौकीत बसून लिहितेय. हवालदाराने वही आणू दिली.

भाऊजींना पोरांनी खांद्यावरून दारापर्यंत आणलं. "थांबा रे बाहेर, आधी वहिनीच्या हातचं जेवतो," म्हणाले. हात धुऊन बाकावर बसले. वाढलं. पहिला घास घेऊन म्हणाले, "मीठ कमी पडलंय." आणि हसले. मी मीठ आणायला वळले.

एकच वार केला नावाडिणीने, मासे कापायच्या सुऱ्याने. मागून, मानेवर. आवाजसुद्धा झाला नाही.

सुरा तिच्या हातातून मी काढून घेतला. पोर तिच्या काखेत दिलं आणि मागच्या दाराने तिला बाहेर ढकलली. गाडी अजून फलाटावर होती. शिटी ऐकली, डबे हलल्याचं ऐकलं, तोवर भाऊजींचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मग हाक मारली लोकांना.

हवालदाराने विचारलं, "कोणी?"

म्हटलं, "मी."

सगळं गाव दारात उभं होतं. छे, ही कशी मारेल, असं कोणी एकानेही म्हटलं नाही.